घरची भाषा कुठली?

जर्मनीहून परत येऊन बरेच महिने झाले, तरी भेटेल तो दोन प्रश्न विचारतोच. थंडी किती होती? आणि खायचीस काय? थंडी उणे आठपर्यंत गेली, आणि खायचे मी पुष्कळ. पण मला तिथे वर्षभर ज्या प्रश्नाने छळलं तो कोणी विचारत नाही, म्हणून इथे लिहिते.

आधी थोडी ओळख. मी पेडण्याची, आईचं माहेर डिचोली. बाबा सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक, मामा हायर सेकंडरीत कोकणी शिकवतो. गोव्यातल्या वाचकांना एवढ्यावरूनच आमच्या घरातल्या चतुर्थीच्या जेवणावळीची कल्पना येईल. बाकीच्यांसाठी पुढे सांगते.

२०२३च्या सप्टेंबरअखेरीस मी एका वर्षासाठी एक्सचेंज स्टुडंट म्हणून ट्युबिंगनला गेले. मोपाचा विमानतळ त्याच वर्षी ५ जानेवारीला सुरू झालेला, आमच्याच तालुक्यात. त्यामुळे पोचवायला निम्मा वाडा आला होता. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट लागतं, म्हणजे महिन्याला ९३४ युरो या हिशेबाने वर्षाचे ११,२०८ युरो आधीच भरून ठेवायचे आणि तिथे दरमहा ठरलेली रक्कम काढायची. (आता हा आकडा वाढला आहे, जाणार असाल तर ताजा बघा.) बाबांनी मुदत ठेवी मोडल्या. कमी पडले ते मामाने भरले, बाबांशी त्या वेळी बोलणं नव्हतं तरीही.

ट्युबिंगन हे नेकार नदीकाठचं जुनं विद्यापीठाचं गाव. मला खोली मिळाली ती ऐंशीच्या पुढच्या एका आजींच्या घरात, वरच्या मजल्यावर. त्यांचा पहिला धडा केरवोखे, म्हणजे झाडण्याचा आठवडा. जिना आणि घरासमोरचा फूटपाथ कोणी झाडायचा याच्या पाळ्या असतात. तुमची पाळी आली की दारावर एक पाटी येऊन लटकते, शनिवारी ती पुढच्या दाराला अडकवायची. ट्युबिंगनचं विद्यापीठ १४७७ साली ज्या काउंट एबरहार्डने स्थापन केलं, त्याच्याच काळापर्यंत लोक या प्रथेचं मूळ नेऊन भिडवतात. मला त्याचं नवल वाटलं नाही. देवळातल्या पाळ्या आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या चालतात आणि त्यावरून भांडणंही तशीच होतात.

दुसरा धडा ल्युफ्टन, खिडक्या सताड उघडून खोलीत हवा खेळवणं. भर हिवाळ्यातसुद्धा दिवसातून दोनतीनदा, पाचदहा मिनिटं. मी आईने दिलेली सुकी सुंगटां भाजली त्या दिवशी मात्र ल्युफ्टन दोन तास चाललं. (युरोपियन युनियनमध्ये प्रवाशाला आपल्याकडून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप आणि पेढे घरीच राहिले. सुके मासे मात्र चालतात.) आजींनी नाकाला रुमाल लावून चव घेतली, थोडा विचार केला, आणि आणखी मागितली.

बाकी रोजचं जगणं तुम्ही ऐकलेलं असेल तसंच. रविवारी दुकानं बंद, रिकाम्या बाटलीचे २५ सेंट परत, कचऱ्याचे चार डबे, तेव्हाच्या ४९ युरोंच्या तिकिटावर देशभर हळू गाड्यांतून फिरणं. २८ ऑक्टोबरला पेडण्याची पुनाव होती. मी फोनवर तरंगांचे व्हिडिओ बघत बसले, आणि त्याच रात्री तिथली घड्याळं एक तास मागे गेली. घर साडेतीन तासांवर होतं ते साडेचार तासांवर गेलं.

आता भाषा. जाण्याआधी मी बी-वन परीक्षा पास झाले होते. पण पहिल्या सकाळी आजी स्वयंपाकघरात जे बोलल्या त्यातलं मला अक्षर कळलं नाही. बटाट्याला त्या कार्टोफेल म्हणेनात, ग्रोम्बीरा म्हणत. जॅमला मार्मेलाडे नाही, ग्झेल्त्स. थंडी पडली तेव्हा विचारलं, आणखी एक टेपिख देऊ का? टेपिख म्हणजे सतरंजी, गालिचा. मी म्हटलं, जमिनीवर आहे की एक. त्या हसत सुटल्या आणि कपाटातून घोंगडी काढून दिली. त्यांच्या बोलीत टेपिख अंगावर घेतात.

ही श्वेबिश. जर्मनीच्या नैर्ऋत्येची बोली. या राज्याने, बाडेन-वुर्टेम्बर्गने, १९९९ साली स्वतःची जाहिरात केली ती अशी: आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून. सरकारी खर्चाने! मी तो किस्सा बाबांना सांगितला तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

एका रविवारी आजींबरोबर चर्चला गेले. आत पाद्री ल्यूथरच्या बायबलमधून वाचत होते, स्वच्छ, प्रमाण जर्मनमध्ये. ल्यूथरचं पूर्ण बायबल १५३४ सालचं, आणि तो माणूस इथला नव्हे, पूर्वेकडचा. त्याची भाषा या लोकांच्या चुलीपाशी कधीच नव्हती, पण छापील पानावर आणि प्रार्थनेत तीच आली. आजी ती सगळी बरोबर म्हणत होत्या, अडखळत नव्हत्या. प्रार्थना संपली, सगळे बाहेर अंगणात आले, आणि पायरी उतरता उतरता प्रत्येकाची भाषा बदलली. कोणाचा गुडघा, कोणाच्या सुनेचं काय, सगळं श्वेबिशमध्ये.

मी तिथेच उभी राहिले. हे मी हजारदा पाहिलं होतं. आमच्या देवळात सप्ताहाला आजोबा तासन्‌तास अभंग म्हणत, ज्ञानोबा-तुकोबांचे, एकही शब्द न चुकता. भजन संपलं की सभामंडपाच्या पायरीवर बसून लगेच, 'कित्याक रे, खंय होतंस?' आमच्या दशावतारातही तसंच. राजे आणि देव मराठीत बोलतात, संकासुर येतो तो आपल्या बोलीत. लहानपणी मला वाटायचं, देवांना आपली भाषा येत नसावी, राक्षसालाच येते. म्हणून मला संकासुर जास्त आवडायचा.

आणि ही जोडी फेब्रुवारीत पुन्हा भेटली. १२ फेब्रुवारीला पहाटेची गाडी पकडून मी रॉटवाइलला त्यांचा फासनेट बघायला गेले. सकाळी आठला जुन्या वेशीतून लाकडी मुखवटे घातलेले लोक घंटा वाजवत, उड्या मारत उतरतात. काहींच्या हातात चित्रांची वही असते. ते ओळखीच्या माणसाला गाठतात आणि वर्षभरातली त्याची फजिती त्याला सगळ्यांसमोर ऐकवतात. बोलीत, अर्थात.

आता तो प्रश्न. भाषेच्या टँडमसाठी, म्हणजे तू माझी शिक, मी तुझी शिकते या योजनेसाठी, एक अर्ज भरायचा होता. त्यात मुटरश्प्राखे, मातृभाषा, असा एक रकाना. एकच ओळ.

पेडण्या-डिचोलीच्या मुलीला हा रकाना साधा नाही. आम्ही घरी कोकणी बोलतो, तीही पेडण्याची, जिला पणजीची माणसं मालवणी म्हणतात आणि मालवणची माणसं गोंयची म्हणतात. पण मी अक्षर गिरवलं ते मराठी. गोष्टी मराठी, आरत्या मराठी, आजोबांचा पेपर मराठी, आजीला लिहिलेली पत्रं मराठी. १६ जानेवारी १९६७ला गोव्यात जनमत कौल झाला, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. ३४,०२१ मतांनी दोन पानं जिंकली, पण आमच्या पेडणे-डिचोलीचा कौल फुलाकडे होता. माझ्या आजोबांनी फुलाला मत दिलं, आईच्या वडिलांनी दोन पानांना. पुढे १९८७च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामासाठी मराठी वापरण्याची सोय राहिली. त्या सोयीचा अर्थ काय, यावर बाबा आणि मामा माझ्या जन्माआधीपासून भांडत आहेत.

मी आजींना विचारलं, तुम्ही या रकान्यात काय लिहिलं असतं? त्या म्हणाल्या, 'डॉइच. आणखी काय?' पण घरी तर तुम्ही ती बोलत नाही. 'घरी श्वेबिश बोलतो. तीही डॉइचच.' त्यांना प्रश्नच कळला नव्हता. मला त्यांचा हेवा वाटला.

मग टँडमच्या तासाला हाच विषय निघाला आणि हेवा जरा कमी झाला. उत्तरेकडची प्लाट जर्मन घ्या. तिच्या लोकांनी ती वेगळी भाषा मानली आणि आज युरोपच्या प्रादेशिक भाषांच्या सनदेत जर्मनीने तिला जागा दिली आहे. लक्झेंबर्गच्या लोकांची बोली शेजारच्या जर्मन गावातल्या बोलीहून फारशी निराळी नव्हती. त्यांनी १९८४ साली कायदा करून तिला राष्ट्रभाषा केलं. आणि श्वेबिशवाल्यांना यातलं काहीच नको होतं. तीन घरं, तीन उत्तरं, आणि कोणी कोणाला खोटं ठरवलं नाही. मला वाटतं, व्याकरणाने हे ठरत नाही. माणसं ठरवतात, आणि आमच्याकडे एकाच घरातल्या माणसांनी दोन वेगळी उत्तरं ठरवली आहेत, एवढंच.

मी रकान्यात लिहिलं: कोकणी, मराठी. मध्ये स्वल्पविराम.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, 'आधी कुठलं लिहिलंस?' मी म्हटलं, अकारविल्हे. संध्याकाळी मामाचा फोन. त्याला आईने सांगितलं असावं. 'स्वल्पविराम की आडवी रेघ?' ज्या माणसांनी मला इथवर पाठवायला आपली पुंजी मोडली, ती एका स्वल्पविरामासाठी आंतरराष्ट्रीय कॉल करत होती. मला हसूही आलं आणि रडूही.

टँडमला मला जी मैत्रीण मिळाली ती हायडेलबर्गला एक वर्ष मराठी शिकून आलेली होती. खंडोबा आणि धनगर यांच्यावर आयुष्य घालवणारे गुंथर सोन्थायमर तिथलेच प्राध्यापक, आणि ते मूळचे उल्मचे, म्हणजे श्वेबिश मुलखातलेच. पहिल्या भेटीत ती म्हणाली, 'आपण कशा आहात? प्रवास सुखरूप झाला ना?' मी इतकी शुद्ध मराठी कधी कोणाशी बोललेच नव्हते. परीक्षेत लिहिली होती, वक्तृत्व स्पर्धेत बोलले होते. एक जर्मन मुलगी आणि मी नेकारच्या काठावर बसून पुस्तकातल्यासारखं बोलत होतो, आणि मनात मी प्रत्येक वाक्य पेडण्याच्या बोलीतून उलटवून घेत होते. तीन आठवड्यांनी तिने सांगितलं की तिलाही घरची श्वेबिश येत नाही. आईवडिलांना येते, ती फक्त समजते.

हे मला लागलं, कारण आमच्या आजींकडेही तेच चाललं होतं. त्यांचा मुलगा हाम्बुर्गला. नातवंडं ईस्टरला आली, आजी श्वेबिशमध्ये बोलायच्या आणि मुलं प्रमाण जर्मनमध्ये उत्तर द्यायची. दुसऱ्या दिवसापासून आजीच प्रमाण बोलू लागल्या. अडखळत, पाहुण्यासारख्या, स्वतःच्याच स्वयंपाकघरात.

पेडण्यात माझ्या चुलत भावाची मुलं इंग्रजी शाळेत जातात. आजी विचारते, 'जेवलंस गो?' आणि सात वर्षांची ती 'येस आजी' म्हणून मोबाइलकडे वळते. बाबांच्या शाळेत चार इयत्ता मिळून अकरा मुलं उरली आहेत. मामाच्या वर्गातली मुलं कोकणी घेतात, पण आपसात हिंदी-इंग्रजीत बोलतात. हे दोघं मराठी की कोकणी यावर भांडत राहिले आणि अंगणातली मुलं दोन्ही सोडून निघाली. मी हे बाबांना फोनवर म्हटलं. ते म्हणाले, मामाला पण सांग. मी सांगितलं. मामा म्हणाला, बाबांना ठाऊक आहे का हे? पण पुढच्या चतुर्थीला, आई सांगत होती, दोघांनी मिळून त्या मुलीला संकासुराची नक्कल शिकवली. कोणत्या भाषेत यावर वाद झाला नाही, कारण संकासुर एकाच भाषेत बोलतो.

जुलैत निघताना आजींनी लाल जॅमची एक बरणी दिली. त्यांच्या तळघरात अशा पन्नासेक बरण्या, प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात त्या फळाचं प्रमाण जर्मन नाव, योहानिसबेरे, आणि साल. शाळेत तसंच लिहायला शिकवलेलं. माझ्या बरणीवर मात्र त्यांनी लिहिलं होतं, ट्रॉइब्लेस-ग्झेल्त्स. मी विचारलं, बोलीत लिहिलंत? त्या म्हणाल्या, 'शब्द बरोबर आहे की नाही ते माहीत नाही. कधी लिहिलाच नव्हता.'

जॅम आजीने भाकरीबरोबर चार दिवसांत संपवला. बरणी आईने धुतली आणि भिंडाची सोलां भरून फडताळात ठेवली. लेबल निघत होतं, पण तिने काढलं नाही.