दोन समुद्रांचा डोंगर

बदलीच्या नोकरीत दहाबारा वर्षे काढली की माणसाला सामान मोजण्याचे एक शास्त्र अवगत होते. खोकी किती, गाद्यांच्या वळकट्या किती, देवांचा डबा कोणाच्या मांडीवर आणि लोणच्याची बरणी कोणाच्या पायाशी, हे सारे त्याला तोंडपाठ असते. मात्र या हिशेबात एक तान्हे मूल आले की ते शास्त्र पार कोलमडते. ज्याचे स्वतःचे वजन तीन किलोंच्या घरात, त्याच्या दुपट्यांचे, टोपड्यांचे आणि औषधांच्या बाटल्यांचे ओझे त्याच्या दसपट! अनुभवी मंडळी मग सांगू लागतात, "आता दोन वर्षे तुमचं हिंडणं बंद." हा उपदेश आम्हांला इतक्या जणांनी आणि इतक्या आनंदाने केला, की त्यात सहानुभूतीपेक्षा समाधानच अधिक असावे, अशी शंका मला आली.

आमचे कुटुंब मुळात पायी हिंडणारे. साताऱ्यास होतो तेव्हा पहाटे अजिंक्यतारा चढून उतरल्यावाचून आम्हां उभयतांना चहा गोड लागत नसे. सिमल्यास बदली झाली तेव्हा पुष्कळांनी हळहळ व्यक्त केली. पण ज्या शहरात बाजाराला जावयाचे तरी एक टेकडी उतरून दुसरी चढावी लागते, ते शहर आम्हांला शिक्षा कसे वाटावे? समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवरच्या या गावात देवदारांच्या सावलीतून तास न् तास चालत राहावे, असे रस्ते आहेत. ग्लेनचे जंगल, समर हिलहून चॅडविकच्या धबधब्याकडे उतरणारी पायवाट, मशोब्र्याकडची सफरचंदांची झाडे, असा एकेक रविवार एकेका वाटेला वाहिलेला असे. थोरला मुलगा आठ वर्षांचा. तो पाण्याची बाटली खांद्याला अडकवून पुढे धावे आणि प्रत्येक वळणावर थांबून, "बाबा, किती हळू!" म्हणून आमची कीव करी.

गतवर्षी कार्तिकात या मंडळात एका कन्येची भर पडली. पत्नीला माहेरचे कोणी वडीलधारे माणूस नाही. म्हणून बाळंतपणासाठी साताऱ्याहून माझी आई आली. माझे वडील जाऊन तेव्हा दीड वर्ष झाले होते. ते असताना दोघे रोज संध्याकाळी चार भिंतींपर्यंत फिरावयास जात. ते गेले, आणि आईने चपला जणू कायमच्या काढून ठेवल्या. भाजी दारावर येई, दूध दारावर येई; देवळाची पायरीसुद्धा ती महिना-महिना चढत नसे. सिमल्यास ती आली ती नातीसाठी, सिमला पाहण्यासाठी नव्हे. इथले उतार पाहून तिने पहिल्याच दिवशी जाहीर केले, "मला बाई घरातच बरं." माझी १५ दिवसांची पितृत्वरजा बघता बघता संपली. पत्नी केंद्रीय विद्यालयात शिक्षिका; तिची १८० दिवसांची प्रसूतिरजा चालू होती. आणि आई स्वयंपाकघर व पाळणा यांमधल्या बारा पावलांत आपली सारी वाट चालत होती.

सव्वा महिना बाळ-बाळंतिणीने उंबरठा ओलांडावयाचा नाही, हा तिचा दंडक. दारे-खिडक्या बंद, बाळाला कुंची, बाळंतिणीच्या कानांना फडके, आणि तिन्हीसांजेला निखाऱ्यावर ओवा, वेखंड व धूप. आमच्या खालच्या मजल्यावर एक वृद्ध पहाडी बाई राहतात. सगळी वस्ती त्यांना अम्मा म्हणते. त्या रोज सकाळी जिन्यावरून विचारीत, "बहनजी, बच्ची को धूप दिखाती हो न?" आई अभिमानाने उत्तर देई, "हां हां, रोज दिखाती हूँ. शाम को, दरवाजा बंद करके." अम्मा क्षणभर स्तब्ध होत, मान हलवीत आणि निघून जात. आठ दिवस हा संवाद असाच चालला. अखेर माझ्या पत्नीच्या ध्यानात आले, की एकीचा धूप निखाऱ्यावर जळत होता आणि दुसरीची धूप बाहेर अंगणात पडली होती! हिंदीत धूप म्हणजे ऊन, हे आईला सांगितले तेव्हा सर्वांत मोठ्याने तीच हसली. दीड वर्षात तिला इतके हसताना मी पाहिले नव्हते.

सहाव्या आठवड्यात लस टोचण्यासाठी रुग्णालयात गेलो, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी पहिल्या धूपाला स्पष्ट नकार दिला; कोवळ्या फुप्फुसांना धूर सोसत नाही. दुसऱ्या धूपेला मात्र त्यांची ना नव्हती. फक्त अटी पुष्कळ होत्या. 'ड' जीवनसत्त्वासाठी उन्हावर भिस्त न ठेवता रोज ४०० युनिटांचे थेंब द्यावयाचे. उंची दर हजार मीटरने वाढली की उन्हातील अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात; तेव्हा ऊन सौम्य वाटले तरी बाळाचा चेहरा सावलीतच ठेवावयाचा. तान्ह्या मुलाला मोठ्यांप्रमाणे कुडकुडता येत नाही, त्यामुळे त्याची थंडी डोळ्यांना दिसत नाही. शिवाय चालणाऱ्याला चालून ऊब येते. कुशीतले मूल मात्र निश्चल असते. म्हणून स्वतःला घाम आला की बाळालाही उकडत असेल, असे मानावयाचे नाही. हातपाय गार लागले तरी घाबरावयाचे नाही. मानेच्या मागे हात घालून पाहावयाचे. आणि इतक्यात २,५०० मीटरांच्या वर न्यावयाचे नाही. या शेवटच्या अटीने नारकंड्यापलीकडचे, सुमारे ३,४०० मीटर उंचीचे हाटूचे शिखर पुढे ढकलले गेले, आणि थोरल्याने दोन दिवस धाकटीशी अबोला धरला.

प्रश्न उरला तो न्यावयाचे कसे, हा. बाबागाडीचा इथे उपयोग नाही; आमच्या दारापासून सडकेपर्यंत ८४ पायऱ्या आहेत. पहाडी बायका शालीत मूल पाठीशी बांधून सरसर चढ चढतात, हे आम्ही रोज पाहत होतो. पण आमची कन्या अजून मान धरत नव्हती. तेव्हा पाठीशी नव्हे, तर छातीशी, तिचे तोंड सदैव दिसेल आणि हनुवटी छातीवर टेकणार नाही अशा बेताने बांधावयाचे ठरले. आईला हे मुळीच पसंत नव्हते. ती म्हणाली, "हिरकणी पोरासाठी गड उतरली, तुम्ही पोर घेऊन गड चढा!"

आपल्याकडे मजुरीला जाणाऱ्या बाया बांधावरच्या झाडाला झोळी बांधून त्यात तान्हे मूल निजवितात, ते काय घरात वाढते, असा युक्तिवाद मी केला. "ती गरज असते रे, हौस नव्हे," आई म्हणाली. तिच्या या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते, आजही नाही. उघड्या हवेचे कौतुक ज्याला परत जावयास ऊबदार घर असते त्यालाच परवडते, हे खरेच आहे. मी गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र तिने ट्रंकेच्या तळातून माझ्या आजीचे एक जुने सुती लुगडे काढले. दुपट्यांसाठी फाडावयाचे म्हणून तिने ते आणले होते. धुऊन धुऊन सायीसारखे मऊ झाले होते. ते पत्नीच्या हाती देत ती म्हणाली, "बांध ह्यात. पण मी बरोबर येणार. पोर रडली की तिथून मागे."

पहिले काही दिवस अंगणात दहा-दहा मिनिटे, मग बालूगंजच्या चौकापर्यंत, असे करीत पौषातल्या एका रविवारी आम्ही पाचही जण टेकडीकडे निघालो. ऊन निर्मळ होते. आईने एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने थोरल्याचा खांदा धरून त्या ८४ पायऱ्या पार केल्या. सडकेवर येतो न येतो तोच कन्येने सूर लावला. झोळी सोडली, आईने तिला शालीत घेतले आणि अटीप्रमाणे ती मागे वळली. वळताच रडणे थांबले. आई थांबली, रडणे सुरू झाले. चालू लागली, पुन्हा शांत. बाईसाहेबांना चालणे हवे होते. दिशेविषयी त्यांचा आग्रह नव्हता. तेव्हा आई पुन्हा वरच्या दिशेला वळली आणि नातीशी काहीबाही बोलत चालत राहिली. आम्ही मागून निमूटपणे चाललो. तिला थांबविण्याचे धैर्य कोणाला होणार?

अशा रीतीने, स्वतःच्याही नकळत, आई ऑब्झर्व्हेटरी हिलच्या माथ्यावर पोचली. १८८८ साली बांधून पूर्ण झालेले व्हाइसरॉयचे निवासस्थान तिथे आहे. १९६५ पासून त्यात उच्च अध्ययनाची संस्था नांदते आहे. हिरवळीच्या कडेला देवदाराच्या सावलीत आम्ही बसलो. पत्नीने बाळाला पाजले. समोर हिमशिखरांची रांग स्वच्छ दिसत होती. थोरल्याने भूगोलाचे ज्ञान प्रकट केले: या डोंगराच्या एका अंगाला पडलेला पाऊस सतलजेला मिळून सिंधूवाटे अरबी समुद्राला जातो, आणि दुसऱ्या अंगाचा यमुना-गंगेवाटे बंगालच्या उपसागराला.

"म्हणजे आपल्या महाबळेश्वरासारखंच की," आई म्हणाली. "तिथली सावित्री कोकणात उतरते, आणि कृष्णा आपल्या वाईवरून माहुलीवरून पार तिकडे पूर्वेला." एवढे बोलून ती थांबली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तू तीन महिन्यांचा होतास, तेव्हा ह्यांनी तुला सायकलवरून माहुलीला नेलं होतं. मी मागे बसले, तू माझ्या मांडीवर. संगमावर उतरून कृष्णेचं पाणी तुझ्या पायांना लावलं. घरी आल्यावर सासूबाई आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत."

माझ्या आजीचे लुगडे तेव्हा पत्नीच्या खांद्यावरून लोंबत होते. आईने ते हळूच सारखे केले. वडील गेल्यापासून त्यांचा विषय आमच्यात निघाला होता तो औषधे, निवृत्तिवेतनाचे कागद आणि श्राद्धाची तिथी यांच्यापुरता. सायकल चालविणारे, तान्ह्या मुलाला नदीवर नेऊन आईची बोलणी खाणारे वडील मला त्या दिवशी परमुलखातल्या एका टेकडीवर प्रथम भेटले.

त्यानंतर आईला कोणी आग्रह करावा लागला नाही. लोअर बाजारातून तिच्यासाठी कापडी बूट आणले. साडीखाली बूट घालावयाची तिला दोन दिवस लाज वाटली. तिसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला ती बूट चढवून दारात उभी. माघात बर्फ पडले तेव्हा सडका गोठल्या आणि चार दिवस सक्तीची विश्रांती मिळाली. त्या चार दिवसांत कन्येपेक्षा आजीचीच चिडचिड अधिक झाली. पुढे फाल्गुन-चैत्रात रानात बुरांश फुलला. लालभडक फुलांनी झाडे ओथंबली. अम्मांनी त्या फुलांची चटणी करून दिली. आईने तिच्यात शेंगदाण्याचे कूट घालून ती साताऱ्याची करून टाकली. दोघी अंगणातल्या उन्हात पाय पसरून बसत, मध्ये गोधडीवर नात हातपाय झाडीत असे. एकीची हिंदी पहाडी वळणाची, दुसरीची मराठी वळणाची. पण धूप या शब्दावर आता त्यांचे मतैक्य झाले होते.

याच सुमारास कचेरीत मी कन्येचे नाव कुटुंबाच्या तपशिलात नोंदविले. प्रवास-सवलतीची बिले माझ्याच टेबलावरून जातात, त्यामुळे नियम मला पाठ आहेत. कर्मचाऱ्याने आपले स्वग्राम एकदा जाहीर करावयाचे. ते सामान्यतः अंतिम. खातेप्रमुखांच्या अनुमतीने सबंध सेवेत फार तर एकदा बदलता येते. मुलांसाठी निराळा रकाना नाही. बापाचे गाव तेच त्यांचे. थोरला साताऱ्यास जन्मला, धाकटी सिमल्यास. कागदोपत्री दोघांचे स्वग्राम सातारा. नियमाविषयी माझी तक्रार नाही. आपण काही झालो तरी तिकडचे, असे मानावयास मलाही आवडते. पण ज्या मातीवर तिने प्रथम उपडी पडून हात टेकले, ज्या वाऱ्याने तिला पहिली शिंक आली, ती माती आणि तो वारा इथला आहे. परमुलखात ज्यांच्या घरी पाळणा हलतो आहे त्या वाचकांना माझे एवढेच सांगणे आहे, की मुलाला गावाकडच्या गोष्टी जरूर सांगाव्यात. पण त्याआधी दार उघडून, अंगावर पुरेसे पांघरूण घालून, ज्या गावी ते जन्मले आहे ते गाव त्याला दाखवावे. आपण बदलीची वाट पाहत बसतो. मूल तशी वाट पाहत नाही.

वैशाखात पत्नीची रजा संपावयास आली, तिच्या शाळेजवळच्या पाळणाघराची व्यवस्था झाली, आणि आई परत निघाली. कालक्याला उतरणाऱ्या छोट्या गाडीत, ९६ किलोमीटरांच्या त्या वळणावळणांच्या वाटेवर, मी तिच्यासोबत होतो. प्रत्येक बोगद्यात ती माझा हात धरी आणि उजेड आला की सोडी.

साताऱ्यास पोचल्यावर तिने फोनवर पहिला प्रश्न केला, "पोरीला आज धूप दाखवलीस का?" मी होय म्हटले. तिच्याकडच्या हालहवालीत गुडघे, पाणीटंचाई आणि आंब्याचा भाव एवढेच होते. पुढे महिन्याभराने आमच्या शेजारच्या काकूंचा काही कामानिमित्त फोन आला. त्यांनी बोलता बोलता सांगितले, की आई हल्ली संध्याकाळी चार भिंतींच्या वाटेवर दिसते, आणि साडीखाली तिच्या पायांत कापडी बूट असतात.