परतीची वेळ

भरतीची वेळ काढायला आमच्या अष्टागरात पुस्तक लागत नाही. तिथीची पाऊणपट केली, की ढोबळ तास निघतात. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हे गणित मी वर्गात इतक्यांदा सांगितले आहे, की समुद्र मला विचारूनच भरतो अशी माझी समजूत झाली होती.

ती उतरली एका भाऊबिजेला. थळला ताईकडे गेलो होतो. दुपारी जेवून भाच्यासह एका स्नेह्याची छोटी शिडाची होडी काढली. जाळे सांधीत बसलेल्या नाखव्याने विचारले, "मास्तर, भरती कधी?"

"दीडला."

"वारा?"

"आता खारा, रात्री मतलई."

"परत कधी फिरणार?"

"बघू."

"घरी काय सांगितलंत?"

"जरा फिरून येतो म्हणून."

तो काही बोलला नाही. भाच्याच्या लाइफ जॅकेटचा पट्टा तेवढा त्याने घट्ट केला.

खांदेरीचा १८६७ सालचा दीपस्तंभ समोर दिसत होता. समुद्रावर दिसते ते जवळच वाटते. भाचा म्हणे, "मामा, आणखी थोडं," आणि मामालाही तेच हवे होते. परतताना साडेपाच झाले. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारखे उतरत नाही; तिसऱ्या-चौथ्या तासातच निम्मे निघून जाते. हेही मला पाठ होते! किनारा हाकेवर असताना होडी चिखलात बसली. भोवती खडक डोकी काढू लागले. मोबाईल घरीच राहिला होता. अंधार पडला. भाचा गप्प झाला. मी त्याला तारे दाखवीत होतो, पण आवाज माझाच कापत होता.

आठाच्या सुमारास एक बत्ती हलताना दिसली. नाखवा चिखल तुडवीत आला. "ताईंनी सगळा किनारा पालथा घातला, मास्तर. कुठं गेलात ते कुणालाच ठाऊक नाही."

ताटातले निरांजन ताईने तीनदा पेटवले होते. तिने आधी लेकाला पोटाशी धरले, मग मला ओवाळले. बोलली काहीच नाही.

आता निघण्यापूर्वी मी एका कागदावर लिहितो : कुठे जाणार, बरोबर कोण, भरती-ओहोटी केव्हा, किती वाजता परत फिरणार आणि किती वाजेपर्यंत न आल्यास तटरक्षक दलाला १५५४ वर कळवायचे. ती वेळ झाली, की दीपस्तंभ कितीही जवळ दिसो, होडी वळवायची. तो कागद ताईच्या देवघरात, निरांजनाखाली ठेवतो.