सामान कोण सांभाळणार?

आमच्या घरात सहलीचा विषय निघाला की भांडण ठरलेलं. आम्ही कर्जतचे, त्यामुळे पाहुण्यांना वाटतं, "तुमचं काय बाबा, डोंगर दारातच!" डोंगर दारात आहेत हे खरं, पण आमच्या दारातून निघणारी माणसं ११ आणि त्यांची वयं ६ ते ७४. पुतण्या सह्याद्रीत माकडासारखा फिरणारा. वहिनीला शिडी पाहिली की घेरी येते. भावोजींना साखर, वेळेवर खायला लागतं. माझा उजवा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरतोय. आणि आई.

आईचं आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही सगळे पेठच्या किल्ल्याला, म्हणजे कोथळीगडाला गेलो होतो. आंबिवलीत गाडी लावली आणि आई म्हणाली, "तुम्ही जा, मी बसते सामानापाशी." एका ओळखीच्या घराच्या ओटीवर ती बसली. आम्ही पेठ गावापर्यंत चढलो, तिथून सुळक्यावर गेलो, खडकाच्या पोटातून कोरून काढलेल्या पायऱ्या मुलांना दाखवल्या. उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. आई तशीच बसलेली, शेजारी आमच्या पिशव्या ओळीने मांडलेल्या. तिने विचारलं, "काय होतं रे वर?" तिला वाईट वाटू नये म्हणून मी म्हटलं, "काही नाही गं, नुसते दगड."

नंतर हिशेब केला तर लक्षात आलं, आई आजवर प्रत्येक सहलीत सामानच सांभाळत आली होती. आणि आम्ही म्हणायचो, आईला हौसच नाही!

तर गेल्या डिसेंबरात पुन्हा सगळे जमणार होते. कॅनडातली भाचीही येणार होती. कुठे जायचं? दादा म्हणाला माथेरान. कल्पना वाईट नव्हती. वर मोटारी नाहीत, सपाट लाल वाटा, घोडे आहेत. पण माथेरान आम्हाला गच्चीतून रोज दिसतं आणि सुट्टीतली गर्दी तर बघायलाच नको. पुतण्या म्हणाला सोंडाई. छोटा किल्ला, पण माथ्याशी शिडी, म्हणजे वहिनी बाद. कुणीतरी इर्शाळगडाचं नाव काढलं आणि सगळेच गप्प झाले. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली, झोपेतली माणसं गेली. चौककडून जाताना तो डोंगर दिसला की अजून बोलणं थांबतं. तिथे सहलीला म्हणून पाय निघत नाही.

शेवटी भाचीने फोनवर एक गोष्ट सांगितली. तिच्या ऑफिसातले लोक हिवाळ्यात बर्फावर स्कीइंगला जातात. त्यांच्यातही कुणी नवखा, कुणी तरबेज, कुणी नुसता कॉफी पीत बसणारा. ते म्हणे सगळ्यांना झेपेल असा सोपा डोंगर शोधतच नाहीत. एकाच डोंगरावर वेगवेगळ्या उतरणी आखलेल्या असतात. हिरवी खूण म्हणजे सोपी, निळी मधली, काळी कठीण. ज्याने त्याने आपली वाट धरायची. पाहायचं एवढंच, की त्या वाटा शेवटी एका ठिकाणी येऊन मिळतात ना! दुपारचं जेवण सगळ्यांचं एकत्र.

मला एकदम राजमाची आठवली.

राजमाचीला दोन तोंडं आहेत. आमच्या बाजूने, कोंदिवड्याहून, खडी चढण. वाटेत कोंढाण्याची लेणी, लाकडी घरासारखं दगडात कोरलेलं चैत्यगृह, आणि मग अडीच-तीन तास घाम. दुसरी वाट लोणावळ्याहून, पंधराएक किलोमीटरची, जवळजवळ सपाट. पावसाळ्यात तिथे चिखल आणि ओढे, पण कोरड्या दिवसांत जीप जाते. दोन्ही वाटा उधेवाडीत येतात. गावात घरगुती जेवण आणि मुक्कामाची सोय होते. वर श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन बालेकिल्ले, मधल्या खिंडीत भैरोबाचं देऊळ. श्रीवर्धन उंच, मनरंजन ठेंगणा. म्हणजे हिरवी, निळी, काळी, सगळं तयारच की!

मग मी आणि पुतण्याने कागद घेऊन बसून नियम ठरवले. चढणाऱ्यांनी उजाडताच निघायचं. सगळ्यात हळू चालणारा पुढे, पुतण्या सगळ्यात मागे. (यावरून तो दोन दिवस रुसला होता.) बारापर्यंत उधेवाडी. फोनच्या रेंजवर विसंबायचं नाही. भावोजींचा डबा भावोजींच्याच पाठीवर. आणि मुक्काम करायचाच, म्हणजे अंधारात उतरायची घाई नको.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मी कशाला? मी घर सांभाळते." आता सामान नाही तर घर! मुलांनी तिचं काही ऐकलं नाही.

आई, वहिनी, भावोजी, धाकटी मुलं आणि मी कर्जतहून गाडीने लोणावळ्याला गेलो. घाट चढायला गाडीला मागून इंजिनं लागतात, ती लागताना पाहायला मुलं फलाटावर पळाली. नंतर बोगदे मोजणं, वडापाव, सगळं यथासांग. जीपने मात्र हाडं खिळखिळी केली. आई सीटला घट्ट धरून बसली होती. मला वाटलं, चुकलंच आपलं. पण ती काही बोलली नाही.

चढणारे पाऊण वाजता आले. पाऊण तास उशीर! त्या पाऊण तासात मी किती वेळा वाटेकडे जाऊन आलो ते विचारू नका. भाचीच्या बुटाचा तळ सुटला होता, तो सुतळीने बांधून ती आली. आईने त्यांच्यापुढे संत्री ठेवली आणि म्हणाली, "किती उशीर? आम्ही केव्हाचे आलोय!" तिचा तो आवाज मी फार वर्षांनी ऐकला.

जेवून, पडून, उन्हं उतरल्यावर सगळे भैरोबाच्या देवळापर्यंत गेलो. पोरं श्रीवर्धनकडे पळाली. माझा गुडघा तिथेच बसला. आईने मनरंजनकडे पाहिलं आणि म्हणाली, "हा बुटकाच दिसतो की." मी काही बोलायच्या आत भाची आणि दादा तिला घेऊन निघालेसुद्धा. पाच पावलं, थांबायचं. पुन्हा पाच पावलं. वहिनी, भावोजी आणि धाकटी मुलंही देवळाशेजारी हुंदडत होती, आणि मी पायरीवर. माझ्याभोवती सगळ्यांच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा स्वेटर, कुणाची टोपी. तासभर मी सामान सांभाळलं. सांगतो, तो तास फार लांब असतो.

आई किल्ल्याच्या दरवाज्यापर्यंत जाऊन आली. माथ्यावर नाही गेली, तिची तिनेच ठरवून परत फिरली. खाली आल्यावर मी विचारलं, "काय होतं गं वर?"

पदराने घाम पुसत ती म्हणाली, "काही नाही रे, नुसते दगड."

आणि हसली. म्हणजे तिला तेव्हाही कळलं होतं.

असो. यंदा कुठे जायचं याचं भांडण परवापासून सुरू झालंय. पहिला प्रश्न आईनेच विचारला, "या खेपेला सामानापाशी कोण बसणार?"