नाव घालणे

मराठीत ‘नाव’ या शब्दाला जितकी क्रियापदे चिकटतात, तितकी क्वचितच दुसऱ्या एखाद्या नामाला चिकटत असतील. बारशाला मुलाचे नाव ठेवतात आणि पुढे शेजारीपाजारी जन्मभर त्याला नावे ठेवतात. मुलगा शिकला तर तो घराण्याचे नाव काढतो. नवी सून उखाण्यात पतीचे नाव घेते आणि त्याचे आडनाव लावते. या साऱ्या व्यवहारांत नाव वाणीत किंवा कागदावर वावरत असते. ते धातूत उतरते ते मात्र एका साध्या घरगुती क्रियेने. ती म्हणजे भांड्यावर नाव घालणे.

पूर्वी हे काम बारीक छिन्नी आणि हातोडी यांनी होत असे. कारागीर भांडे मांडीशी धरून एकापुढे एक टिंबे पाडीत जाई आणि टिंबांच्या ओळीतून अक्षर उमटे. त्यामुळे भांड्यावरच्या अक्षरात वळणे कमी आणि कोन अधिक. ऱ्हस्व-दीर्घाचा विधिनिषेध तेथे फारसा नसे. जोडाक्षर अवघड वाटले तर ते सरळ मोडून लिहिले जाई. पुढे विजेवर थरथरणाऱ्या सुईचे यंत्र आले आणि गिऱ्हाईक पैसे मोजीपर्यंत दुकानातच नाव घालून मिळू लागले.

नाव घालण्याचे पहिले कारण व्यावहारिक होते. लग्नामुंजीत आळीतल्या अनेक घरांची पातेली, पराती, घंगाळी एकत्र येत. पंगती उठल्यावर राखेने आणि चिंचेने घासलेली ती भांडी अंगणात एकसारखी चमकत. कोणती परात कोणाची, हे काठाखालचे नावच सांगे. ते मालकीचे चिन्ह होते खरे. पण वस्तू दुसऱ्याच्या घरी जाणार आणि परत येणार, हे त्या मालकीने आधीच मान्य केलेले असे. जे भांडे कधी उंबरा ओलांडणारच नाही, त्याच्यावर नाव कशाला हवे?

दुसरे कारण भेटीचे. ‘चि. सौ. कां.’ या अक्षरांनी सुरू होणारा तो मजकूर अत्यंत आटोपशीर असतो: घेणारी कोण, देणारा कोण, निमित्त कोणते आणि तारीख काय. ही मांडणी जुन्या दानलेखांचीच आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक खांबांवर ते खांब दान करणाऱ्यांची नावे आहेत. त्यांत धेनुकाकटाचे यवनही आहेत. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, मधील दिवेआगरचा ताम्रपट भाषेच्या अभ्यासकांना आरंभीच्या मराठीचा नमुना म्हणून मोलाचा वाटतो. परंतु त्याच्याही मजकुरात माणसांची नावे आणि सोन्याचा हिशेब आहे. ज्यांच्याकडे द्यायला जमीन वा सोने होते, त्यांची नावे तांब्यावर अशी टिकली. स्वयंपाकघरातल्या पितळेवर मात्र एखाद्या मामाने आपल्या भाचीचे नाव टिकवले. ती राणी नव्हती आणि अनेकदा तिला स्वतःला ते नाव वाचताही येत नव्हते.

या नावाचे खरे मोल कळण्यासाठी दुसरी एक रीत शेजारी ठेवून पाहावी लागते. अनेक मराठी घरांत लग्नानंतर वधूचे नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे आणि वराने अंगठीने त्यांत नवे नाव लिहायचे. ते तांदूळ थोड्याच वेळात गोळा केले जात. लिहिलेले पुसले जाई. आणि तरीही तेच नाव पुढे शिधापत्रिकेवर, मतदारयादीत आणि सातबाऱ्यावर आयुष्यभर टिके. माहेरहून आलेल्या तपेलीवर धातूत कोरलेले नाव मात्र हाक मारायला कोणी उरले नाही म्हणून विसरले जाई. तांदळातले नाव टिकले आणि पितळेतले मुके झाले, असा हा उलटा न्याय आहे.

पुढे पोलाद आले. पितळेला कल्हई लागे. स्टीलला ती लागत नसे. कल्हईवाले दारावर येईनासे झाले, पितळेची भांडी माळ्यावर चढली आणि घर लहान करण्याची वेळ आली तेव्हा तराजूत गेली. मोड घेणारा दुकानदार वजन पाहतो. नावाला वजन नसते. दिनकर केळकरांनी पुण्यात घरगुती वस्तूंचा प्रचंड संग्रह केला, तेव्हा अशा कितीतरी गोष्टी भट्टीच्या वाटेवरून मागे फिरल्या असतील. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या या माणसाने संग्रहालयाला नाव दिले ते बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे. वस्तू जपणे आणि नाव जपणे या गोष्टी किती लगतच्या आहेत, हे त्या पाटीकडे पाहिले की कळते.

आता धातूवर नाव घालण्याची हौस पुन्हा दिसते, ती लॅपटॉपवर. ॲल्युमिनियमच्या झाकणावर ऑक्साइडचा एक कठीण थर मुद्दाम चढवलेला असतो आणि रंग त्या थरातच मुरवलेला असतो. लेसरचा किरण तो रंग उडवतो किंवा थरच काढून टाकतो आणि अक्षर उजळ उमटते. हातोडीचा आवाज नाही, टिंबे नाहीत. कारण मात्र जुनेच आहे. वसतिगृहाच्या अभ्यासिकेत किंवा विमानतळावरच्या तपासणीच्या ट्रेमध्ये दहा करडी यंत्रे शेजारी आली की पंगतीनंतरचे अंगण पुन्हा भरते. भेद एवढाच, की हे यंत्र कोणी उसने देत नाही. त्याच्या आत जायला परवलीचा शब्द लागतो. झाकणावरचे नाव केवळ बाहेरच्यांसाठी.

अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेली एक नात अशा लॅपटॉपवर नाव घालून घ्यायला निघाली होती. काय घालावे, हे ठरत नव्हते. तिने आजीला विचारले, “आजी, आडनाव घालू का गं? पुढे बदललं तर?”

आजीने माळ्यावरची तपेली काढायला लावली. काठाखाली तिचे माहेरचे नाव होते, वडिलांच्या नावासह. नातीने ते नाव पहिल्यांदाच वाचले. आजी म्हणाली, “माझं बदललं बाई. हिच्यावरचं नाही बदललं.”

नातीने आडनाव घातलेच नाही; स्वतःचे नाव आणि त्यापुढे आईचे. १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव लावण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला. ही मुलगी त्याआधीची. तिला तो लागू नव्हता. धातूला शासननिर्णय लागत नाही. नाव देवनागरीत हवे म्हटल्यावर दुकानातल्या संगणकाने वेलांटी भलत्याच अक्षरावर नेली आणि जोडाक्षर मोडले. जुन्या कारागिराची चूक नव्या यंत्रानेही केली. पण ती आधी पत्र्याच्या तुकड्यावर दिसली, म्हणून सुधारता आली.

तो लॅपटॉप काही वर्षांत जुना होईल. विकायला काढला तर कोरलेल्या नावामुळे किंमत कमीच येईल. आतला सगळा मजकूर पुसता येईल, झाकणावरचा नाही. तपेलीचे आयुष्य त्याहून फार मोठे आहे, पण तिलाही तराजू चुकलेला नाही. म्हणून घरातले पितळ मोडीत देण्यापूर्वी निदान एक करावे. काठाखालचा मजकूर उजेडात धरून वाचावा आणि वहीत उतरवून घ्यावा: नाव, देणाऱ्याचे नाव, निमित्त, तारीख. ताम्रपटांचे वाचन विद्वानांनी केले. हे वाचन त्या त्या घरालाच करावे लागेल. कारण कित्येक घरांत त्या बाईचे पहिले नाव लिहिलेली जागा तेवढी एकच आहे.