रक्ताचा पुरावा

सोलापूरच्या जिल्हा न्यायालयात वकिली करीत असताना नाना तऱ्हेच्या कज्जांचे कागद माझ्या मेजावरून गेले. परंतु पूर्व भागातील एका यंत्रमागवाल्याने रक्तगटाच्या तीन चिठ्ठ्या पुढे ठेवून, ‘वकीलसाहेब, हे पोरगं माझं नाही,’ असे सांगितले, तेव्हा फिर्यादीचा मजकूर उतरवून घेण्यास माझी लेखणी धजेना. नवरा ‘ओ’, बायको ‘ओ’, मुलगा मात्र ‘बी’. ‘ओ’ गटाच्या आईबापांपाशी ‘बी’ द्यावयास नसतोच, हा बर्नस्टाइन यांच्या १९२४ सालच्या उपपत्तीवर आधारलेला हिशेब कुणीतरी त्याच्या मनावर पक्का बिंबविला होता.

वैध विवाहकाळात जन्मलेले मूल औरस मानावे, हे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याचे ११२ वे कलम आणि रक्ततपासणीचा हुकूम सरसकट देता येत नाही, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निर्णय मी त्याला ऐकविला. पण कलमाने दावा अडतो, संशय अडत नाही, म्हणून उभयतांना मी एका परिचित रक्तपेढीतील डॉक्टरांकडे घेऊन गेलो.

पत्नीच्या रक्तद्रवात डॉक्टरांनी ‘ओ’ गटाच्याच तांबड्या पेशी मिसळल्या, आणि खऱ्या ‘ओ’ रक्तात जे घडू नये तेच घडले : पेशींच्या गुठळ्या झाल्या. डॉ. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५२ साली मुंबईत उजेडात आणलेला ‘बॉम्बे’ रक्तगट तो हाच. ‘ए’ आणि ‘बी’ ही द्रव्ये ‘एच’ नामक द्रव्यावर घडतात. ‘एच’ घडविणारे जनुक मातापिता दोघांकडूनही निकामी आले, तर अंगी ‘बी’चे जनुक असूनही रक्त ‘ओ’ भासते. ‘ताणाच नाही, तर बाणा कशात विणणार?’ डॉक्टर त्या विणकराला म्हणाले. मुलाला ‘बी’ आईकडून आला होता; तो प्रकट व्हावयास लागणारा ‘एच’ मात्र बापाकडूनच मिळालेला होता. एवढ्याने पितृत्व सिद्ध होत नव्हते हे खरे, परंतु ज्या पुराव्यावर फिर्याद उभी राहणार होती तो पुरावाच नाहीसा झाला.

‘ओ’ची ती नोंद खरी जिवावर बेतणारी होती ती त्या बाईच्याच; कारण प्रसंगी तिला ‘ओ’ रक्त दिले गेले असते, तर प्राणसंकट ओढवले असते. इतका वेळ मुकाट बसलेल्या तिने तेवढ्यात विचारले, ‘माझ्या भावाचंही असंच असेल का?’ सख्ख्या भावंडांत चारांत एक इतका संभव असतो, असे डॉक्टरांनी सांगताच, दावा लावावयास आलेल्या माझ्या पक्षकाराने मेहुण्याला तपासणीस यावे असा निरोप त्याच दिवशी धाडला.