काळ्या दगडाचे दैव

सोलापूर म्हटले की गृहिणींना चादर आठवते आणि खवय्यांना शेंगांची चटणी. दगड पाहण्यासाठी सोलापूर गाठणारा प्रवासी विरळाच! तरीही सुटीत कुणी पाहुणा आला, तर मी त्याला आधी भुईकोट किल्ल्यात नेतो. बहामनी काळातले ते बुरूज, पलीकडचे तळे, तळ्यातले सिद्धेश्वराचे देऊळ, सारे डोळे भरून पाहून झाले की म्हणतो, "आता पायाखाली पाहा."

पायाखाली आहे तो काळा दगड. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथली भूमी भेगाळली आणि तापलेल्या लाव्हाचे लोट थरावर थर पसरत गेले. त्यातला सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरचा पसारा अजून शिल्लक आहे. आपले सह्याद्रीचे कडे त्याचेच, आणि सोलापूरचे सपाट माळही त्याचेच.

मागे एकदा मंगळवेढ्याच्या वाटेवर विहिरीचे काम चालले होते. सुरुंगाचे काम करणारे एक म्हातारे गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "सर, चाळीस वर्षं हा दगड फोडतोय. पाणी कधी लागतं, कधी न्हाई. पण तांबं म्हणा, सोनं म्हणा, एकदा तरी गावायचं होतं की!"

मी म्हटले, "बाबा, तांबे ह्या दगडात आहे. टनामागे शंभर-दोनशे ग्रॅम तरी असेल."

"मग ते गोळा कुणी करायचं?"

म्हाताऱ्याने नेमके मर्मावर बोट ठेवले. खाणीच्या दगडात टनाला दहा किलो तांबे असले तरी तो चांगला समजतात. म्हणजे धातू नाही असे नव्हे. विखुरलेला धातू गोळा करणारा कुणीतरी हवा. आणि तो गोळा करणारा, वाचकहो, बहुधा पाणी असतो!

खोल समुद्राच्या तळाशी जेथे भूकवच दुभंगते, तेथेही असाच काळा दगड तयार होतो. त्याच्या भेगांतून समुद्राचे पाणी खाली झिरपते. खालच्या शिलारसाच्या धगीने ते साडेतीनशे-चारशे अंशांपर्यंत तापते. वरच्या पाण्याच्या दाबामुळे मात्र उकळत नाही. हे तापलेले, आम्लधर्मी पाणी दगडातले तांबे, जस्त, लोखंड विरघळवून घेते आणि पुन्हा वर उसळते. तळावरच्या गारठ्यात पाऊल पडताच धातूंची गंधकाशी गाठ पडते आणि काळ्या धुरासारखे कण बाहेर पडतात. १९७९ साली मेक्सिकोजवळ, अडीच किलोमीटरांहून अधिक खोलीवर, शास्त्रज्ञांनी असली 'धुराडी' पाणबुडीतून प्रत्यक्ष पाहिली. धुराडी वाढतात, कोसळतात, ढिगावर ढीग साचतो. हजारो वर्षांनी तेथे गंधकयुक्त धातूचा भरीव साठा उभा राहतो. कधी तो तळच जमिनीवर उचलला जातो. सायप्रस बेट हे त्याचे उदाहरण. इंग्रजीतला 'कॉपर' हा शब्द त्याच बेटाच्या नावावरून आला.

दुसरीही एक वाट आहे. सैबेरियात नोरिल्स्क येथे वर चढणाऱ्या शिलारसाने वाटेतल्या थरांतला गंधक गिळला. त्याचे जड थेंब तांबे आणि निकेल शोषून तळाशी बसले. आपल्या दख्खनच्या लाव्हात तसा मोठा साठा आजवर सापडलेला नाही. आणि आपला लाव्हा बहुतांशी उघड्या जमिनीवर ओतला गेला. डोक्यावर समुद्र नव्हता. पाण्याची वाण सोलापूरच्या नशिबी तेव्हापासूनचीच म्हणायची!

समुद्रातल्या त्या साठ्यांवर आता जगाचा डोळा आहे. हिंदी महासागरातल्या पर्वतरांगांवर असे साठे शोधण्यासाठी भारताने आंतरराष्ट्रीय समुद्रतळ प्राधिकरणाशी २०१६ साली करार केला, आणि २०२५ साली कार्ल्सबर्ग रांगेसाठी दुसरा. प्रत्येकी १० हजार चौरस किलोमीटरांचे हे क्षेत्र. परंतु त्या धुराड्यांभोवती सूर्यप्रकाशावाचून जगणारे जीवाणू, कोळंब्या, शिंपले यांचे अद्भुत संसार थाटलेले असतात. तारा आणि यंत्रे यांसाठी तांबे तर हवे, आणि ते संसारही मोडता कामा नयेत. हा पेच आपल्या मुलांना सोडवावा लागणार आहे.

आपल्या दगडाने मात्र दुसरेच देणे दिले. ऊन-पावसाने तो झिजला, त्याची काळी माती झाली. ही माती पावसाचे पाणी पोटात धरून ठेवते. म्हणून पाऊस सरल्यावर पेरलेली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी त्या ओलीवर थंडीत डौलाने उभी राहते. म्हाताऱ्याला हे सांगितले, तेव्हा त्याने मूठभर माती उचलून चुरली आणि तो म्हणाला, "म्हंजे पाणी राखायला ही शिकली. आम्ही कवा शिकायचं?"

मी गप्प राहिलो. विहिरीत अजून पाणी लागले नव्हते.