टेकूला टेकू

जुन्या घराची भिंत फुगली म्हणजे तिला बाहेरून एक तिरका वासा लावतात. जाणारा-येणारा भिंतीकडे बघतो, ‘आता किती दिवस टिकेल हो?’ म्हणून विचारतो. वाशाची विचारपूस कोणी करीत नाही. त्याला वाळवी लागली की काय, त्याच्या बुडाची माती वाहून गेली की काय, हे पाहण्याची बुद्धी फार थोड्यांना होते. आजारी माणसाचे आणि त्याची काळजी घेणाऱ्याचे असेच आहे. त्यातून आजार मनाचा असला, तर बोलायलाच नको. मोडलेल्या पायाला पाहायला लोक मोसंबी घेऊन येतात. बिघडलेल्या मनाला पाहायला कोणी येत नाही. आणि आलेच, तर मोसंब्यांऐवजी सल्ले आणतात.

मी साताऱ्याच्या एका शाळेत बालवर्गाला शिकवते. चार कादंबऱ्या लिहिल्यामुळे लोक मला विदुषी समजतात, पण माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचेच. एका विषयात मात्र माझा अभ्यास दांडगा आहे. माझ्या थोरल्या भावाला, दादाला, स्किझोफ्रेनिया आहे. त्याला यंदा २४ वर्षे झाली. इतकी वर्षे एकाच इयत्तेत बसले, तर मठ्ठ विद्यार्थ्यालाही थोडेफार येऊ लागते!

अशा आजाराच्या माणसाला ‘रुग्ण’ न म्हणता ‘शुभार्थी’ म्हणावे, आणि त्याची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला ‘शुभंकर’, अशी एक चांगली रीत महाराष्ट्रातल्या स्वमदत गटांत रुळली आहे. क्रीडास्पर्धांतला शुभंकर म्हणजे टोपी घातलेला वाघ किंवा हत्ती. आमचा शुभंकर म्हणजे रात्री दोन वाजता दाराची कडी वाजली की काय म्हणून उठून बसणारी आई. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन १९९७ साली स्थापन केली ती डॉ. जगन्नाथ वाणी यांनी. ते कॅनडात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. मानसोपचाराचे डॉक्टर नव्हेत. त्यांच्या पत्नीला हा आजार होता, हीच त्यांची या विषयातली पदवी. २००४ साली ‘देवराई’ चित्रपट आला, तेव्हा सगळे लोक पडद्यावरच्या आजारी भावाकडे पाहत होते. मी त्याच्या बहिणीकडे पाहत होते.

घरच्या माणसांना हाताशी धरण्याची कल्पना आपल्या देशाला नवी नाही. १९५० नंतरच्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर म्हणून प्रमुख होते. रुग्ण फार, नोकरमाणसे थोडी. त्यांनी रुग्णालयाच्या आवारात तंबू उभारले आणि नातेवाइकांना आपापल्या माणसाजवळ राहायला बोलावले. आजार काय आहे, तो कसा सांभाळायचा, हे ते सगळ्यांना एकत्र बसवून समजावीत. मला त्या तंबूंविषयी नेहमी वाटते, की दिवसा डॉक्टर बोलत तेवढेच औषध रात्री एका तंबूतली आई दुसऱ्या तंबूतल्या आईशी बोलत असेल, त्यातही असणार. ‘तुमचा पण असाच करतो का हो?’ या एका प्रश्नात केवढा दिलासा आहे, हे ज्याला तो विचारावा लागला त्यालाच कळेल.

आमचा गट दर शनिवारी दुपारी माझ्याच वर्गात भरतो. सहा शुभंकर आहेत. प्रत्येकाने आपल्या घरी हा आजार वर्षानुवर्षे पाहिलेला. नव्याने संकटात सापडलेल्या घरांनी बोलावले, की ही मंडळी जातात, बसतात, ऐकतात आणि येतात. त्यांच्या मागे उभे राहण्याचे काम माझ्याकडे आले. बालवर्गाच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली ही मोठी माणसे पाहून पहिल्या दिवशी मला हसू आले होते. आता वाटते, या कामाला तेवढीच उंची बरी. बुटक्या खुर्चीवर बसून कोणाला फारसा तोरा मिरवता येत नाही.

आमचे नियम थोडे आहेत. गोळ्यांच्या मात्रेविषयी अक्षर बोलायचे नाही. ते डॉक्टरांचे काम. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलले, तर ते गुपित म्हणून पोटात ठेवायचे नाही. त्याला एकटे सोडायचे नाही आणि डॉक्टरांना तत्काळ कळवायचे. एका घरातले दुसऱ्या घरात न्यायचे नाही. आपली स्वतःची गोष्ट सांगायची, पण मिठासारखी, चिमूटभर. आणि आपल्याच घरी पुन्हा आजार उसळला, तर सुटी घ्यायची; कारण सांगायचे नाही, क्षमाही मागायची नाही. आणखी एक नियम मी हट्टाने करून घेतला: जाण्यायेण्याचा खर्च आणि थोडे मानधन वेळेवर मिळाले पाहिजे. ‘अहो, हे तर पुण्याचे काम!’ असे एक गृहस्थ म्हणाले. पुण्य पुष्कळ जमले आहे, पण ते दाखवून एस.टी.चे तिकीट मिळत नाही.

आमच्यातले एक काका एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. काकूंचा आजार त्यांनी मोठ्या शिस्तीने सांभाळला: घड्याळ लावून गोळ्या, घड्याळ लावून फिरणे, घड्याळ लावून झोप. दुसऱ्याच्या घरी गेले, की तिथेही ते डबल बेल मारीत. ‘असंच करायचं. आमच्याकडे गुण आला.’ एका शनिवारी ते तक्रार घेऊन आले, ‘बाई, ती माणसं ऐकतच नाहीत.’

मी विचारले, ‘काका, ती काय म्हणतात?’

काका गप्प झाले. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘ते विचारायचंच राहिलं.’

माणसाला जे स्वतःला महागात मिळालेले असते, ते दुसऱ्याला फुकट द्यायची त्याला घाई होते. ही घाई प्रेमाचीच असते. पण तिच्यामुळे दुसऱ्याच्या घरात आपलेच घर दिसू लागते. माझे अर्धे काम एवढेच, की ‘हे घर कोणाचे?’ असे मधूनमधून विचारीत राहायचे.

आणखी एक नाजूक गोष्ट आहे. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन या समाजशास्त्रज्ञाने १९५० आणि ६० च्या दशकांत असे पाहिले, की सतत टोचून बोलणाऱ्या, राग धरणाऱ्या किंवा अतिकाळजीने गुदमरवून टाकणाऱ्या घरी परतलेल्यांचा आजार अधिक उलटतो. हे खरे आहे. पण हेच थकलेल्या आईला सांगायला गेले, तर तिला ऐकू येते ते ‘तुझ्यामुळेच झाले’ एवढेच. घरच्यांच्या बोलण्याने हा आजार जडत नाही. घरातल्या शांततेने तो आटोक्यात राहायला मदत होते. या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, आणि ते अंतर पुस्तकापेक्षा एक आईच दुसऱ्या आईला नीट समजावू शकते.

भाजीचा धंदा करणाऱ्या आमच्या मावशी यात सगळ्यांत तरबेज. गेल्या पावसाळ्यात त्या एका शनिवारी आल्या, त्या अवाक्षर न बोलता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिल्या. सगळे गेल्यावर म्हणाल्या, ‘बाई, आता मी जायची नाही. त्यांचं पोरगं दुकानावर बसाय लागलंय. माझ्याच नादानं लागलं. आन् माझं? बारा वर्सं झाली, भिंतीकडं तोंड करून पडलंय. त्यांनी पेढा दिला. माझ्या घशाखाली उतरंना. मी असली कसली बाई?’

अशा वेळी ‘तुमचाही मुलगा बरा होईल’ असे म्हणणे अगदी सोपे असते. पण ते मला ठाऊक नव्हते, आणि मावशींना खोटे ओळखण्याची बारा वर्षांची सवय होती. मी म्हटले, ‘मावशी, दादा दुकानावर बसणार नाही, हे मला कळलं तेव्हा मीही एकीच्या पेढ्याकडे असंच पाहिलं होतं.’ मग आम्ही दोघी त्या बुटक्या खुर्च्यांवर बराच वेळ बसलो. त्या घराकडे पुढे दुसरे कोणी जाईल असे ठरवले. ‘मला काढलं म्हना की,’ मावशी म्हणाल्या. काढले नव्हते. महिन्याभराने दुसरे एक घर आले. तिथल्या मुलीला औषधांचा फारसा गुण येत नव्हता, आणि यशाच्या गोष्टी ऐकून ऐकून तिची आई पार खचली होती. तिथे मावशी गेल्या. त्यांच्याकडे सांगायला यश नव्हतेच. गुण येवो न येवो, सकाळी उठून चहा कसा टाकायचा, हे मात्र त्यांना येत होते. त्या आईने चौथ्या भेटीत मावशींना स्वतःहून विचारले, ‘पुन्हा कधी येणार?’

आपण बरे झालेल्यांच्या गोष्टींना टाळ्या वाजवतो, आणि त्या वाजवाव्यातच. पण बरे न होणाऱ्याशेजारी टिकून राहणे हेही एक ज्ञान आहे. त्याची परीक्षा नाही आणि प्रशस्तिपत्रही नाही.

‘आणि बाई, तुम्हाला कोण?’ असे काकांनी मला एकदा विचारले. महिन्यातून एकदा एक अनुभवी समाजसेविका येतात. त्यांच्यापुढे मी बसते. त्या मला विचारतात, ‘तुमची झोप कशी आहे?’ आधी गटाची, घरांची चौकशी नाही, आधी झोप! टेकूला टेकू असतो तो असा. वरून ही रांग मोठी नामी दिसते, पण प्रत्येकाच्या पाठीला कोणाचा तरी हात लागतो आहे, एवढाच तिचा अर्थ.

दिवाळी अशा घरांना जड जाते. फटाक्यांचे आवाज, पाहुण्यांची वर्दळ, फराळासाठी जागवलेल्या रात्री. आणि झोप मोडली, की आजाराला दार उघडते. म्हणून आमच्याकडे चकल्या दुपारीच होतात आणि दादाच्या गोळ्यांची वेळ लक्ष्मीपूजनालाही चुकत नाही. भाऊबीजेला मी ओवाळते, तेव्हा तो कधी माझ्याकडे पाहतो, कधी निरांजनाच्या पलीकडे कुठेतरी पाहतो. ओवाळणी मात्र न विसरता घालतो: शाळेच्या वह्यांना लावायची कव्हरे. त्याने स्वतः कापलेली, कडा अगदी सरळ.

तुमच्या ओळखीत असे एखादे घर असेलच. फराळाचे ताट घेऊन जा. आजारी माणसाला त्याच्या नावाने हाक मारा. घरच्यांना सल्ला देऊ नका. जमल्यास त्या घरच्या बाईला म्हणा, ‘तासभर मी बसते, तुम्ही जरा बाजारात फिरून या.’ अगदीच निकडीची वेळ आली, तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक दिवसरात्र विनामूल्य चालतो. तोही एखाद्या कागदावर लिहून द्या. आणि ती बाई बाजारातून परतली, की काय आणले ते विचारू नका. ती बहुधा काहीच आणणार नाही. कोणाचे औषध नाही, कोणाची हाक नाही, अशी तासभर नुसती चालून आली असेल.